स्वादुपिंडाला सूज आली तर घरी काय शिजवायचं, किती आणि कसं

माझ्या धाकट्या भावाचं वजन आजारापूर्वी ६२ किलो होतं. पॅन्क्रियाटायटिसच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेच्या, दुसऱ्या झटक्यानंतर चार महिन्यांनी ते ५१ वर आलं. या चार महिन्यांत त्याला एकदाही झटका आला नव्हता, म्हणून आम्ही सगळे समाधानात होतो. आई त्याला दोन्ही वेळा मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी आणि उकडलेली दुधी देत होती. तेलाचा थेंब नाही, दूध नाही, अंडं नाही. पथ्य कडक पाळलं जात होतं आणि मुलगा डोळ्यांदेखत झिजत होता.

तपासणीला गेल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी त्याचा दंड हातात धरून पाहिला आणि आईला हळूच म्हणाल्या, "काकू, दुखणं थांबलंय, पण आता हा उपासमारीने आजारी आहे." तिथून आमच्या घरी स्टीलचा एक छोटा चमचा आणि एक शंभर पानी वही आली. पुढच्या सगळ्या गोष्टी मी त्या वहीतून, डॉक्टरांच्या सांगण्यातून आणि वर्षभराच्या स्वयंपाकातून शिकले. ज्या घरात नुकताच हा आजार आलाय, त्या घरात स्वयंपाक करणाऱ्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचे डोस आणि तुमच्या रुग्णाचं तेलाचं माप मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. प्रत्येकाचा आजार वेगळा असतो.

आधी ओळखा: आजार कुठल्या टप्प्यावर आहे

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं, साधारण १५ सेंटीमीटर लांब. त्याची कामं दोन. अन्न पचवणारे रस आतड्यात सोडायचे आणि रक्तातली साखर सांभाळणारं इन्सुलिन तयार करायचं. या पाचक रसांपैकी लायपेज चरबी फोडतं. सूज आली की हे रस आतड्यात पोचण्याआधी ग्रंथीतच कामाला लागतात आणि ग्रंथीलाच इजा करतात. म्हणून ते वरच्या पोटातून थेट पाठीत घुसणारं दुखणं.

अचानक येतो तो तीव्र दाह. त्याची नेहमीची कारणं म्हणजे पित्ताशयातले खडे, दारू आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे एक प्रकारची चरबी, खूप वाढणं (साधारण १००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर). वारंवार होऊन ग्रंथी कायमची बिघडते, कडक होते, तिच्यात खडे बनतात, तो दीर्घकालीन दाह. दोन्हींचं जेवण एकसारखं नसतं, आणि इथेच बहुतेक घरांची गल्लत होते. तीव्र दाहातून उठलेल्या माणसाचं तीन आठवड्यांचं पथ्य दीर्घकालीन दाहाच्या माणसाला जन्मभर लावलं जातं. आमच्याकडे हेच झालं.

एक गोष्ट इथेच सांगते. माझा भाऊ दारूला कधी शिवला नाही. तरी प्रत्येक नातेवाईक पहिल्यांदा तेच विचारायचा, आणि तो मान खाली घालून बसायचा. आपल्या देशात दारू न पिणाऱ्या तरुणांनाही दीर्घकालीन दाह होतो. केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात असे पुष्कळ रुग्ण पाहून नोंदवले. तिथे टॅपिओकाचा कंद भरपूर खाल्ला जातो, म्हणून आधी संशय त्याच्यावर होता. पण तो कंद कधी न खाणाऱ्यांनाही हा आजार होतो, आणि काही रुग्णांत जनुकांमधले बदल सापडले. तेव्हा कृपा करून रुग्णाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. ज्याला मान खाली घालावी लागते, त्याचा घास आधीच कमी झालेला असतो.

झटक्यानंतरचे पहिले दिवस

पूर्वी "स्वादुपिंडाला विश्रांती" म्हणून रुग्णाला कितीतरी दिवस उपाशी ठेवत. आता सौम्य झटक्यात, उलट्या थांबल्या आणि भूक लागली की एक-दोन दिवसांतच तोंडाने खायला सुरुवात करतात. आणि ती नुसत्या पाण्यासारख्या पदार्थांनीच करावी असंही नाही. कमी तेलाचं मऊ जेवण लगेच दिलं तरी चालतं. आजार गंभीर असेल तर नळीने अन्न देतात. तो निर्णय रुग्णालयाचा. तिथे आपण घरचा डबा घेऊन हट्ट धरायचा नाही.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे असं चालवायचं: दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं. पेज मेतकूट घालून, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, इडली, ताकातली ज्वारीची आंबील, दुधी-पडवळ-दोडका-लाल भोपळा यांच्या मऊ भाज्या, केळं, शिजवलेलं सफरचंद, अंड्याचा पांढरा बलक. मेतकूट ही आपल्याकडची देणगीच आहे. भाजलेल्या डाळींचं पीठ, त्यात प्रथिनं बऱ्यापैकी, तेल जवळपास नाही, आणि तोंडाला चव येते. फक्त त्यावर तूप सोडायचा हात आवरायचा.

पोट दुखलं नाही, उलटी झाली नाही, तर दर तीन-चार दिवसांनी एक पदार्थ वाढवायचा. एका वेळी एकच. दोन नवे पदार्थ एकत्र दिले आणि पोट दुखलं, तर कुठल्यामुळे दुखलं ते कळत नाही.

झटका खड्यांमुळे आला असेल तर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया टाळत बसू नका. पथ्याने खडे जात नाहीत, आणि खडे तिथेच राहिले तर पुढचा झटका कधीही येऊ शकतो. कारण ट्रायग्लिसराइड्सचं असेल तर तेलाइतकीच साखर, मिठाई, फळांचे रस आणि मैदा यांवर नजर ठेवावी लागते. तिथे नुसतं तेल कमी करून भागत नाही.

तेल: चमच्याने मोजायचं, डोळ्याने नाही

आता मुख्य गोष्टीकडे येते. चहाचा सपाट चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, त्यात साधारण साडेचार ग्रॅम चरबी. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, त्यात साडेतेरा. मी आधी बाटलीतून अंदाजाने तेल ओतायची. पहिल्या दिवशी कढईत नेहमीसारखं ओतून ते चमच्याने परत मोजलं, तर चार माणसांच्या बटाट्याच्या भाजीला मी दहा चमचे तेल घेतलं होतं. माझ्या मते मी "कमी तेलात" करत होते.

आमच्या आहारतज्ज्ञांनी सुरुवातीला दिवसाला ४० ग्रॅम चरबी ठरवून दिली. दूध, डाळ, धान्य यांतली धरून. आणि एका वेळी बारा-तेरा ग्रॅमच्या वर नको म्हणाल्या. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे. दिवसभर काही न खाता रात्री लग्नात एकदाच जेवला तर चाळीसचा हिशेब बरोबर येईल, पण त्याचं पोट ते मानणार नाही. पुढे एन्झाइमच्या, म्हणजे कमी पडणाऱ्या पाचक रसांची भरपाई करणाऱ्या, कॅप्सूल नीट लागू पडल्यावर त्यांनीच ते माप ६० पर्यंत नेलं. दीर्घकालीन दाहात आज तज्ज्ञ चरबी सरसकट तोडायला सांगत नाहीत. युरोपच्या क्लिनिकल न्यूट्रिशन संस्थेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: कॅप्सूल घेऊन पचत असेल तर नेहमीचा संतुलित आहार घ्या, आणि चरबी कमी करा ती सगळे उपाय करूनही पचत नसेल तेव्हा.

फोडणी सोडायची गरज नाही. फोडणीची रीत बदलायची. छोट्या कढल्यात चार माणसांसाठी तीन चहाचे चमचे तेल चांगलं तापवा, मोहरी तडतडू द्या, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद. हळद करपायच्या आत दोन चमचे पाणी शिंपडा. चर्रर आवाज होतो, मसाला जळत नाही, आणि पुढचं तेल आता लागत नाही. मग कांदा किंवा भाजी घालून वर ताट झाका आणि ताटात पाणी ठेवा. आपल्या आज्या मेथीची, कोबीची भाजी अशीच वाफेवर करायच्या. ताटातलं पाणी गरम झालं की तेच भाजीत घालायचं. या पद्धतीने चार माणसांची भाजी तीन चमच्यांत होते, म्हणजे माणशी पाऊण चमचा. सगळं घर तेच जेवतं. रुग्णासाठी वेगळं पातेलं चढवायची गरज उरत नाही, आणि वेगळं पातेलं नसलं की त्यालाही आपण आजारी आहोत हे ताटात दिसत नाही.

रस्सा करायचाच असेल तर आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा. मटणाचा किंवा कोंबडीचा असेल तर सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरतो. तो चमच्याने पूर्ण काढा. खालचा रस्सा चवीला तसाच राहतो. मिसळ घरी करा, पण कट वेगळा ठेवा आणि त्याच्या वाटीत फक्त उसळीचा पातळ रस्सा द्या.

लपलेली चरबी

कढईतलं तेल दिसतं. ताटातलं बाकीचं तेल दिसत नाही. मराठी घरात ते तीन ठिकाणी लपलेलं असतं.

पहिलं दाण्याचं कूट. शेंगदाण्यात वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त चरबी असते. भाजीत सहज घातलेले दोन मोठे चमचे कूट म्हणजे सात-आठ ग्रॅम. तिळातही जवळपास निम्मा भाग तेल. कुटाऐवजी भाजीला दाटपणा आणायला भाजलेलं बेसन किंवा ज्वारीचं पीठ पेरा, मुगाची भिजवलेली डाळ घाला, किंवा भाजी ताकातली करा. कोशिंबिरीत कूट नको, दही आणि जिऱ्याची पूड पुरे.

दुसरं नारळ. ओल्या खोबऱ्यात एक तृतीयांशाहून जास्त चरबी, सुक्या खोबऱ्यात त्याच्या जवळपास दुप्पट. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांसाठी ही सगळ्यात कठीण गोष्ट आहे. वाटणाशिवाय आमटी कशी करायची? आमच्याकडे चाललेला उपाय असा: कांदा आच लावून कोरडाच भाजायचा, त्यात टोमॅटो, धणे, लाल मिरची आणि दोन चमचे डाळं, म्हणजे सोललेले फुटाणे, घालून वाटायचं. दाटपणा डाळ्याने येतो. खोबरं हवंच असेल तर शेवटी एक चमचा वरून. सोलकढीऐवजी नारळाचं दूध न घालता कोकमाचं सार, फोडणी थेंबभर.

तिसरं दूध. पिशवीवर टक्का छापलेला असतो, तो वाचा. फुल क्रीममध्ये ६ टक्के, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात अनुक्रमे १२, ६ आणि ३ ग्रॅम. म्हशीचं दूध रतिबाचं येत असेल तर त्याचं माप कळत नाही. साय काढली तरी चरबी उरते. आम्ही डबल टोन्डवर आलो, त्याचंच दही लावतो. आणि लोणी काढलेलं ताक हे या आजारातलं माझं सगळ्यात आवडतं पेय. चरबी नावाला, पोटाला थंड, आणि दर जेवणाला देता येतं.

बाहेरच्या वस्तूंत खारी, टोस्ट, नानकटाई आणि शेव-फरसाण. खारीचे पदर सुटतात ते आत तूप-वनस्पती असते म्हणूनच. "चहाबरोबर दोन खाऱ्या" ही हलकी न्याहारी नाही.

वजन भरायचं तर प्रथिनं

तेल काढलं की कॅलरीज निघून जातात. एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरीज असतात, त्यामुळे चार-पाच चमचे तेल कमी केलं की दिवसाच्या दोनेकशे कॅलरीज गेल्या. त्या दुसरीकडून भरल्या नाहीत तर माणूस वाळतो. भाताचा, भाकरीचा, केळ्याचा, खजुराचा वाटा वाढवा, आणि प्रत्येक खाण्यात काहीतरी प्रथिनाचं असू द्या. भावाला वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं सांगितली होती, म्हणजे रोज ६५ ते ७५ ग्रॅम. नुसत्या वरणभातातून ती येत नाहीत. वाटीभर वरणात सात ग्रॅमच्या आसपास असतात.

सोयाबीनच्या वड्या या कामात फार उपयोगी पडल्या. त्यांतलं तेल कारखान्यातच काढलेलं असतं, आणि वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम कोरड्या वड्यांतून १५ ग्रॅम मिळतात. गरम पाण्यात भिजवा, दोनदा घट्ट पिळा, कच्चा वास जातो. मग बारीक करून खिम्यासारख्या शिजवा किंवा खिचडीत घाला. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि पाच ग्रॅम चरबी, चरबी सगळी पिवळ्या बलकात. आम्ही एक पूर्ण आणि दोन पांढरे असं करतो. कोंबडीच्या छातीचा भाग, कातडी काढून. मासे खात असाल तर बोंबील, पापलेट, कोळंबी यांपासून सुरुवात करा. बांगडा आणि तारली तेलकट मासे आहेत, ते पुढे, थोडे. आणि रवा लावून तळायचे नाहीत. आमसूल, आलं-लसूण आणि हळद लावून हळदीच्या किंवा केळीच्या पानात वाफवले तर भावाने तळलेल्याची आठवणही काढली नाही. डबल टोन्ड दुधाचं घरचं पनीर, ताकातलं पिठलं, मुगाची धिरडी नॉनस्टिक तव्यावर अर्ध्या चमच्यात.

कोंड्याचा, सॅलडचा आणि कडधान्यांचा मारा मात्र करू नका. "तंतू चांगले" हे इतर आजारांत खरं. इथे फार जास्त तंतू पाचक रसांना अडवतात, पोट लवकर भरवतात आणि गॅस करतात. सालीसकट मटकीची वाटीभर उसळ रोज नको. मोड आलेल्या मुगाची थोडी चालते. भाकरी चालते. कच्च्या कोशिंबिरीपेक्षा शिजवलेली भाजी बरी.

तिखटाबद्दल सगळे विचारतात. मिरचीने हा आजार होत नाही. झटक्यानंतरच्या दिवसांत ती सोसत नाही, पुढे ज्याची त्याची सोशीकता. भावाला आता लसणाची चटणी चालते, कच्ची हिरवी मिरची नाही.

एन्झाइमची कॅप्सूल: इथे आमची सगळ्यात मोठी चूक झाली

दीर्घकालीन दाहात ग्रंथीचे रस कमी पडू लागतात. खूण शौचाला दिसते. मोठी, फिकट, तेलकट, फार दुर्गंधी असलेली, पाण्यावर तरंगणारी आणि भांड्याला चिकटणारी शौच, सोबत वजन उतरतं. लाजू नका, डॉक्टरांना नेमकं सांगा. शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडातून येणाऱ्या एका पाचक एन्झाइमची, तपासणी करतात. ते एका ग्रॅम शौचामागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं की रस कमी पडत असल्याचा संशय घेतात.

मग पॅन्क्रियाटिनच्या कॅप्सूल लिहून देतात. त्यांवरचा आकडा लायपेजच्या युनिटचा असतो. आपल्याकडे १०,००० आणि २५,००० च्या सर्रास मिळतात. मोठ्यांसाठी सुरुवात सहसा मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे अशी असते. आमच्या औषधाच्या दुकानात कुणीतरी पाकिटावर "जेवणापूर्वी अर्धा तास" असं लिहून दिलं, आणि आम्ही दोन महिने तसंच दिलं. औषध चालू, पैसे खर्च, आणि वजन जागच्या जागी. कॅप्सूलने अन्नासोबत आतड्यात पोचायचं असतं. रिकाम्या पोटी गेली तर अन्न येईपर्यंत तिचं काम संपलेलं असतं.

बरोबर रीत अशी. पहिल्या घासाबरोबर पहिली कॅप्सूल. दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर. साध्या किंवा थंड पाण्याने, गरम चहासोबत नाही. चावायची नाही, आतले दाणे चुरडायचे नाहीत, कारण दाण्यांवरचं आवरण त्यांना जठराच्या आम्लापासून वाचवतं. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या गार गरात मिसळून लगेच गिळायचे, वर पाणी प्यायचं, तोंडात काही राहू द्यायचं नाही. नुसतं फळ, कोरा चहा, लिंबू सरबत यांना कॅप्सूल लागत नाही. दूध प्यायलं, इडली-चटणी खाल्ली, तर लागते. पंचवीस अंशांच्या वर ठेवू नका असं बहुतेक पाकिटांवर लिहिलेलं असतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात ती गाडीत किंवा खिडकीत राहिली तर बिघडते.

वेळ बरोबर असूनही शौच तेलकटच राहिली, तर घरच्या घरी तेल आणखी तोडू नका. डॉक्टर डोस वाढवतात किंवा आम्ल कमी करणारी गोळी जोडतात. तेल तोडणं ही शेवटची पायरी.

एक गोष्ट उघड सांगायला हवी, कारण आम्हाला ती कुणी सांगितली नाही. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. शाकाहारी किंवा डुकराचं वर्ज्य मानणाऱ्या घरात हे आधी कळायला हवं. रुग्णाला माहिती देऊन, डॉक्टरांशी आणि हवं तर आपल्या धर्मातल्या जाणत्यांशी बोलून ठरवा. पण अंधारात ठेवू नका, आणि दुकानात मिळणारं पाचक सरबत त्या जागी देऊन स्वतःची समजूत घालू नका. त्याने हे काम होत नाही.

साखर आणि हाडं

ग्रंथी बिघडली की इन्सुलिन कमी पडून मधुमेह होऊ शकतो. हा नेहमीच्या मधुमेहापेक्षा वेगळा असतो, कारण साखर खाली गेल्यावर ती वर आणणारं ग्लुकागॉनही याच ग्रंथीतून येतं. म्हणून साखर एकदम खाली जाण्याचा धोका जास्त. इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवायचंच नाही, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची. मधुमेह झाला म्हणून भातही तोडला आणि दाह म्हणून तेलही तोडलं, तर खायला उरतं काय? अशा वेळी आहारतज्ज्ञ लागतातच.

चरबी पचली नाही की चरबीत विरघळणारी ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं शरीरात नीट शोषली जात नाहीत. भावाचं डी जीवनसत्त्व खूप खाली होतं, आणि तिशीत त्याची हाडं विरळ झालेली निघाली. वर्षातून एकदा या तपासण्या करा, हाडांची तपासणी डॉक्टर सांगतील तशी. बी-१२ आणि मॅग्नेशियमही तपासतात.

आमच्या घरचा एक दिवस

सकाळी उठल्यावर डबल टोन्ड दुधाचा अर्धा कप चहा. साडेआठला एक चमचा तेलात पोहे, दाणे न घालता, भरपूर कांदा-मटार घालून, सोबत एक पूर्ण उकडलेलं अंडं आणि एक पांढरं. अकराला केळं आणि मूठभर फुटाणे. एकला दोन फुलके किंवा एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पाऊण चमच्याची भाजी, भात, ताक. साडेचारला नाचणीसत्त्व दुधात. रात्री आठच्या आत मुगाची खिचडी, वर मोजून एक चमचा तूप, आणि वाफवलेला मासा किंवा सोयाचा खिमा. झोपताना थोडं दूध. सगळं मिळून चरबी चाळिशीच्या आतबाहेर. आईने खिचडीवरचं तूप वाढलं, त्या दिवशी तिचे डोळे भरून आले होते. चार महिने तिने मन घट्ट करून त्याला ते नाकारलं होतं.

उपास आणि सणवार

दीर्घकालीन दाहाच्या माणसाने उपास करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसभर रिकामं पोट आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, ही जोडी वाईट. साबुदाणा टॅपिओकाच्याच कंदापासून होतो म्हणून तो विष, असं काही नाही. खिचडीतलं तूप आणि वाटीभर कूट हा खरा प्रश्न. आजीचं मन राखायचं असेल तर दर दोन-तीन तासांनी वरईचा भात, ताक, केळं, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात असं द्या.

दिवाळीला चिवडा पातळ पोह्यांचा, पोहे उन्हात किंवा कढईत कोरडे कुरकुरीत करून, दोन चमच्यांच्या फोडणीत. चकली-अनारसे इतरांसाठी. गणपतीत उकडीचा मोदक एक, वर तुपाची धार न घेता, जेवणाचा भाग म्हणून आणि कॅप्सूलसोबत. लग्नाला जाताना घरून थोडं खाऊन निघायचं, तिथे साधा भात, वरण, कोशिंबीर, जिलेबीचा तुकडा आणि खिशात कॅप्सूल. "एवढ्याने काय होतंय" म्हणून पानात वाढणाऱ्या मावशीला मी स्वतः जाऊन थांबवते. ते त्याच्यावर सोडत नाही.

दारू पूर्ण बंद. "बिअर चालते का" याचं उत्तर नाही. सिगारेट-बिडीही पूर्ण बंद, कारण धूरही या ग्रंथीला छळतो, आणि दोन्ही एकत्र असतील तर आजार फार वेगाने पुढे जातो. सुटत नसेल तर व्यसनमुक्तीची मदत घ्या. तीही उपचारातलीच.

वही आणि दाराजवळची पिशवी

वहीत चार रकाने ठेवा: काय खाल्लं, तेलाचे चमचे, कॅप्सूल किती वाजता, दुखणं आणि शौच कशी. दर रविवारी सकाळी वजन. महिन्याला दोन किलो उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.

दुखलं तर आधी बघा दुखणं कसं आहे. थोडं जड वाटत असेल तर एखादा दिवस पेज, ताक, मऊ भात, पाणी भरपूर. पण वरच्या पोटात जोराचं, पाठीत जाणारं, पुढे वाकल्यावरच थोडं कमी होणारं दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, ताप, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, काळी शौच, भोवळ यांतलं काहीही झालं तर खाणं थांबवून थेट रुग्णालय. घरी काढे आणि ओवा करत बसायचं नाही. आमच्या दाराजवळच्या खुंटीवर एक कापडी पिशवी असते. तिच्यात जुने रिपोर्ट, सोनोग्राफीची फिल्म, औषधांची यादी, विम्याचं कार्ड आणि ती वही. गेल्या आषाढात रात्री दोनला ती उचलून निघालो, तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी वहीची शेवटची दोन पानं वाचली आणि पहिला प्रश्न विचारला तो कॅप्सूलच्या वेळेचा. परवाच्या रविवारी काट्यावर ५८ किलो भरलं.